माहात्म्य कसे वाचावे : त्र्यंबकेश्वराच्या ग्रंथांचा वाक्यविचार

धर्मग्रंथातील प्रत्येक विधान एकाच अर्थाने खरे असते का? हा प्रश्न वाचनाचा आहे आणि तत्त्वज्ञानाचाही. भारतीय परंपरेत पूर्वमीमांसेने तो फार बारकाईने हाताळला. जैमिनीची सूत्रे, त्यांवरील शबरांचे भाष्य आणि कुमारिल भट्टांचे विवरण यांतून उभे राहिलेले हे शास्त्र वाक्यशास्त्र म्हणूनही ओळखले जाते, कारण वेदातील वाक्यांचा अर्थ कसा लावावा हाच त्याचा मुख्य विषय आहे. सतराव्या शतकातील आपदेवाचा ‘मीमांसान्यायप्रकाश’ आजही या शास्त्राच्या अभ्यासकांना प्रवेशग्रंथ म्हणून उपयोगी पडतो. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक केवलानंद सरस्वती यांनी तर सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला.

या शास्त्राचे नियम लावून पाहण्यासाठी त्र्यंबकेश्वर हे योग्य क्षेत्र आहे. या एका गावाविषयी पुराणकथा आहेत, पूजाविधीच्या पोथ्या आहेत, संतचरित्रे आहेत, १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड आहे आणि माहितीपुस्तिकाही आहेत. यात्रेकरू हे सगळे वाङ्मय एकाच दृष्टीने वाचतो आणि गोंधळ तिथेच होतो. एक वाचक सगळे इतिहास म्हणून स्वीकारतो, तर दुसरा सगळे थोतांड म्हणून टाकून देतो. ग्रंथ काय सांगू पाहतो हे दोघेही विचारत नाहीत.

म्हणून पहिले काम तात्पर्य ठरवण्याचे. त्यासाठी मीमांसा आणि वेदान्त या दोन्ही दर्शनांत सहा खुणा मानल्या आहेत : आरंभ आणि शेवट यांची एकवाक्यता, पुन्हा पुन्हा येणारा मुद्दा, दुसरीकडून न कळणारी गोष्ट, सांगितलेले फळ, स्तुती किंवा निंदा, आणि विषयाला पुष्टी देणारी युक्ती. गौतम ऋषींच्या कथेला या खुणा लावल्या की त्यांचा उपयोग ध्यानात येतो. ही कथा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत आहे आणि ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यातही आहे. दोन्हीकडे गौतमांच्या आश्रमात गाय मरते, गोहत्येचे पाप लागते आणि त्याच्या निवारणासाठी गंगा गोदावरीच्या रूपाने भूमीवर येते. पण शिवपुराणात गौतमांचा द्वेष करणारे ऋषी गणेशाकरवी हा प्रसंग घडवून आणतात. ब्रह्मपुराणात गंगेला शंकराच्या जटेतून बाहेर काढण्यासाठी गणेश ही योजना आखतो आणि पार्वतीची सखी जया गायीचे रूप घेते.

यांतली खरी कथा कोणती, असे विचारण्याआधी प्रत्येक कथा कुठे जाऊन थांबते ते पाहावे. शिवपुराणातील कथा त्र्यंबक ज्योतिर्लिंगाच्या प्रतिष्ठेपाशी पूर्ण होते. तिथे गंगा येते आणि शिव तिच्या काठी राहतात, म्हणून या कथेचे तात्पर्य शिवाच्या सान्निध्यात आहे. ब्रह्मपुराणात गंगावतरणानंतर ग्रंथ खाली वाहणाऱ्या नदीच्या काठाने पुढे सरकतो आणि सुमारे शंभर अध्यायांत एकेका तीर्थाचे वर्णन करतो. त्याचे तात्पर्य नदीत आहे. तपशिलांतला फरक तात्पर्याच्या फरकातून येतो आणि हे उमगले की दोन पुराणांतील विसंगतीचा प्रश्न पुष्कळसा मिटतो.

दुसरे काम वाक्याचा प्रकार ओळखण्याचे. काय करावे हे सांगणारे वाक्य म्हणजे विधी. त्या कर्माची स्तुती करून माणसाला त्याकडे वळवणारे, किंवा निषिद्ध गोष्टीची निंदा करून त्याला तिच्यापासून परावृत्त करणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. वायू ही अतिशय वेगवान देवता आहे, असे वेदवाक्य आहे. ते वाऱ्याची माहिती देण्यासाठी आलेले नाही. वायूला उद्देशून सांगितलेला याग माणसाने करावा म्हणून ते आले आहे. तीर्थमाहात्म्यांचा मोठा भाग अशाच वाक्यांचा असतो. एका अध्यायात एक तीर्थ सर्वश्रेष्ठ ठरते, पुढच्या अध्यायात दुसरे. ही विधाने तुलनात्मक माहिती म्हणून वाचली तर ती एकमेकांना खोटे पाडतात. स्तुती म्हणून वाचली तर प्रत्येक अध्याय आपल्या तीर्थापाशी आलेल्या माणसाशी बोलतो आणि त्याचे लक्ष पुरतेपणी तिथे वेधतो. एकाची निंदा आली तरी तिचा हेतू दुसऱ्याची स्तुती हाच असतो, असेही मीमांसक सांगतात.

अर्थवादाचे पुढे तीन प्रकार केले आहेत. जे वाक्य प्रत्यक्ष अनुभवाशी विरोधी दिसते ते गुणवाद. यज्ञातील खांब म्हणजे सूर्य, हे वाक्य खांबाच्या तेजाविषयी बोलते. जे आधीच ठाऊक आहे तेच सांगणारे वाक्य अनुवाद, जसे अग्नीने थंडी जाते. ज्याला अनुभवाचा विरोध नाही आणि जे दुसऱ्या मार्गाने कळतही नाही ते भूतार्थवाद. आता गोदावरीविषयीची तीन विधाने घ्यावीत. ती ब्रह्मगिरीवर उगम पावते, हा अनुवाद आहे, कारण ते डोळ्यांना दिसते. गोदावरी म्हणजे गंगाच, हा गुणवाद आहे. हिमालयातली गंगा वेगळी आणि सह्याद्रीत उगम पावून १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी वेगळी, हे भूगोल सांगतो. विधानाचा रोख पावित्र्य या गुणावर आहे. गौतमांच्या तपाने ती अवतरली, हे विधान परंपरेने भूतार्थवादाच्या वर्गात बसते आणि त्याचा स्वीकार वाचकाच्या शब्दप्रामाण्यावरील निष्ठेवर अवलंबून राहतो.

तिसरे काम शब्दांची निवड पाहण्याचे. साहित्यशास्त्रात लक्षणेसाठी ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून मुख्य अर्थ अडतो आणि ‘गंगेच्या काठी’ हा अर्थ घेतला जातो. पण ‘गंगा’ हा शब्द ठेवल्याने शीतलता आणि पावित्र्य यांचीही सूचना मिळते. नाशिककर गोदावरीच्या काठी जाताना ‘गंगेवर जातो’ असे म्हणतात, तेव्हा ही सूचना त्यांच्या रोजच्या बोलण्यात जिवंत असते.

माहितीपर लेखनातही शब्द अशीच भूमिका घेतात. त्र्यंबकेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी ‘बांधले’ आणि त्याचा ‘जीर्णोद्धार केला’ या दोन क्रियापदांत मोठे अंतर आहे. जीर्णोद्धार म्हटले की त्याच जागी आधी मंदिर होते, हे गृहीत धरले जाते. बांधकाम १७५५ ते १७८६ असे चालल्याचे सर्वत्र दिले जाते, तर नानासाहेबांचा मृत्यू १७६१ मधला आहे. ‘बांधले’ या क्रियापदाने आरंभ करणाऱ्याचे नाव राहते आणि पुढची पंचवीस वर्षे झाकली जातात. निवृत्तिनाथांविषयी लिहिताना एक लेखक १२९७ मध्ये त्यांनी त्र्यंबकेश्वरी ‘समाधी घेतली’ असे म्हणतो, दुसरा ‘देह ठेवला’ म्हणतो, तिसरा ‘निधन झाले’ असे लिहितो. वर्ष तेच राहते, लेखकाची भूमिका बदलते. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना अनुग्रह दिला, या वाक्यापुढे ‘असे परंपरा मानते’ हे शब्द आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते.

पूजाविधींच्या पत्रकांत हे वाचन सर्वांत निकडीचे ठरते. फळाच्या वाक्यांबाबत मीमांसेचा एक कडक नियम आहे. ज्याची यज्ञपळी पळसाची असते त्याच्या कानी अपकीर्ती येत नाही, असे वेदवाक्य आहे. पळी हे यज्ञाचे केवळ एक अंग, म्हणून तिच्या नावावर सांगितलेले फळ हे वेगळे फळ नसून अर्थवाद आहे, असा निर्णय जैमिनीने दिला. वेदातील फळालाही जर ही चाळणी लावली जाते, तर ‘शास्त्रोक्त’ आणि ‘हमखास’ या शब्दांनी सजलेल्या पत्रकाला ती लावायलाच हवी. कोणते शास्त्र, कोणता ग्रंथ, फळ मुख्य कर्माचे की एखाद्या वस्तूचे, आणि हे सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ, हे प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. परंपरेनेच ते शिकवले आहेत.

मूळ प्रश्नावर दर्शनांत मतभेद आहे. मीमांसकांच्या मते वेदाचे प्रामाण्य कर्म सांगण्यात आहे. वस्तुस्थिती सांगणारी वाक्ये विधीला जोडली गेली तरच सार्थ होतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याला उत्तर दिले : ब्रह्माचे स्वरूप सांगणारी वाक्ये कोणत्याही कर्माच्या आधाराविना प्रमाण आहेत. हा वाद मोठा आहे, पण एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. वाक्य खरे की खोटे हे ठरवण्यापूर्वी ते कशासाठी उच्चारले गेले हे ठरवावे लागते.

हे एकमत आजच्या वाचकाला पुरेसे आहे. स्तुतीला इतिहास मानणारा वाचक ग्रंथावर त्याने न घेतलेली जबाबदारी लादतो आणि स्तुतीला खोटे म्हणणारा ग्रंथाचे म्हणणे ऐकतच नाही. त्र्यंबकेश्वराविषयीचे कोणतेही पान हाती आले तर त्याचे तात्पर्य, त्यातील वाक्याचा प्रकार आणि त्यातील शब्दाची निवड या तीन गोष्टी वाचकाने क्रमाने तपासाव्यात. श्रद्धा ठेवायची की नाही, हा निर्णय त्यानंतरच घ्यावा.