अस्त्र सोडणे आणि आवरणे

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत बहुतेक ठिकाणी हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला दाखवला की प्रवेश मिळतो. इलिनॉयमधल्या जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेली दोन वर्षांच्या कॉलेजांची ही परंपरा आज देशभर पसरली आहे. नर्सिंग आणि वेल्डिंगच्या वर्गांशेजारी तिथे आता संगणक आणि नेटवर्क सुरक्षेचेही वर्ग भरतात. बचाव शिकवायचा तर हल्लाही शिकवावा लागतो: दुसऱ्याच्या यंत्राची कोणती दारे उघडी आहेत हे ‘एनमॅप’ने शोधणे, ‘मेटास्प्लॉइट’ने आत शिरणे, पासवर्ड फोडणे. ज्याच्या स्वभावाची आपल्याला काहीच कल्पना नाही अशा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती ही विद्या द्यावी का? आपल्याकडे हा विद्येच्या अधिकाराचा प्रश्न म्हणून शतकानुशतके चर्चिला गेला आहे. मला वाटते, अधिकार दारात तपासता येत नाही. तो शिकताना घडतो, आणि अर्धवट शिकवले तर घडत नाही.

दारातल्या तपासणीचा निकाल महाभारतातच दिसतो. परशुरामांनी जात विचारली म्हणून कर्णाला खोटे बोलावे लागले. त्याची गुरुसेवा आणि त्याचे कौशल्य दोन्ही खरे असूनही शाप मात्र जन्म लपवल्याबद्दल भोगावा लागला. उलट अश्वत्थामा जन्माने, गुरुकुलाने, सगळ्याच बाजूंनी पात्र. त्याच्या चंचलपणाची जाण असल्याने द्रोणांनी नाखुशीनेच त्याला ब्रह्मशिर अस्त्र दिले, आणि माणसांवर ते कधी सोडू नकोस अशी ताकीदही दिली. सौप्तिक पर्वात तो ते सोडतो. अर्जुनाला आपले अस्त्र मागे घेता येते, याला येत नाही, आणि अखेर ते उत्तरेच्या गर्भावर जाते. द्रोणांनी अस्त्र दिले, बजावलेही, पण आवरण्याची साधना मुलाकडून करून घेतली नाही.

संगणकाच्या जगातही हेच घडले आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक ‘वर्म’, म्हणजे यंत्रायंत्रांत आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडला. हार्वर्डचा पदवीधर, वडील अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ: कोणत्याही प्रवेश समितीने डोळे झाकून निवडावा असा हा मुलगा. आपली एक प्रत यंत्रात आधीच आहे का, हे तो वर्म विचारी, पण सातांतून एकदा उत्तराकडे दुर्लक्ष करून पुन्हा शिरे. एवढ्या एका हिशेबाच्या चुकीने हजारो यंत्रे बंद पडली. त्याच्या मित्राने उपाय सांगणारा निनावी संदेश पाठवला, पण तोवर जाळे इतके तुंबले होते की तो वेळेवर पोहोचलाच नाही. उत्तम निवड झालेल्या माणसालाही आवरणे आले नाही, हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा की मग शिकवूच नये. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकी कुलूपकार हॉब्ज यांनी अभेद्य समजली जाणारी चब आणि ब्रामा यांची कुलुपे उघडून दाखवली, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. पण कुलुपातली खोट चोराला ठाऊक असते, ठाऊक नसते ती घरमालकाला. मात्र हे उत्तर पुरेसे नाही, हे मान्य करायला हवे. हॉब्जना ब्रामाच्या कुलपासाठी पन्नासहून अधिक तास झटावे लागले, आज तयार साधन मिनिटांत काम करते. तरी २०१६ चा ‘मिराई’ हल्ला पाहा. कॅमेरे आणि राउटर यांना कारखान्यातूनच दिलेल्या साठेक पासवर्डांची यादी, एवढ्यावर तो उभा होता. त्यासाठी कुणाला वर्गात बसावे लागले नाही. वर्ग बंद केल्याचा तोटा होतो तो बचाव करणाऱ्याचा. २०१८ मध्ये अटलांटा आणि २०१९ मध्ये बाल्टिमोर या शहरांचा नागरी कारभार खंडणीखोर सॉफ्टवेअरने ठप्प केला. अशा कचेऱ्यांत, शाळांत, लहान रुग्णालयांत रोज पहारा देणारी माणसे हवी आहेत, आणि ती सगळी नामांकित विद्यापीठांतून येणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: साधन शिकवता येते, सचोटी कशी शिकवणार? नीतीच्या एका प्रकरणाने ती येत नाही हे खरेच, द्रोणांची ताकीदही वायाच गेली होती. पण कामाची शिस्त शिकवता येते. विद्यार्थ्याला १०.२०.३०.०/२४ हा पट्टा तपासायला दिला आहे असे समजा. शेवटच्या २४ च्या जागी त्याने १६ टाइप केले की २५६ पत्त्यांऐवजी ६५,५३६ पत्त्यांची दारे ठोठावली जातात, आणि त्यांतली अनेक ज्याने परवानगी दिलेली नाही अशा माणसाची असू शकतात. म्हणून आधी लेखी परवानगी, तीत पत्ते, वेळ आणि गडबड झाल्यास कुणाला फोन करायचा त्याचे नाव. एंटर दाबण्याआधी परवानगीचा कागद आणि पडदा ताडून पाहायचा. केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची. कुणाची खासगी माहिती दिसली की तिथेच थांबायचे आणि कळवायचे. हे पुन्हापुन्हा केल्याने हाताला वळण लागते. याला मी व्रत म्हणेन. अर्जुनाला अस्त्र परतवता आले ते व्रत पाळल्यामुळे, असे महाभारतही सांगते.

खरी अडचण वेळेची आहे. सुमारे साठ क्रेडिटांच्या पदवीत इतर विषयही बसवायचे असतात, आणि नोकरीसाठी प्रमाणपत्र परीक्षांची घाई असते. काटछाट होते ती अहवाल लिहिण्यात आणि दुरुस्तीत, कारण आत शिरण्याचा थरार त्यांत नसतो. मला हीच काटछाट सर्वांत घातक वाटते. प्रयोगशाळेतल्या यंत्रात शिरलेल्या विद्यार्थ्याने ती फट बुजवावी, तोच हल्ला पुन्हा करून तो फसतो हे दाखवावे, आणि यंत्राच्या मालकाला समजेल अशा भाषेत सगळे लिहून द्यावे. तोवर त्याला एकही गुण मिळू नये. दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या सुरक्षा अभ्यासक्रमांना सरकारी मान्यता देणाऱ्यांनीही पहिल्यांदा हेच तपासावे.