‘तू’ म्हणायचा हक्क

‘यू’ ही मालिका मराठीत करायची ठरवली, तर पहिल्याच प्रसंगात पंचाईत होईल. न्यूयॉर्कमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात बेक नावाची मुलगी शिरते. दुकानाचा मॅनेजर जो गोल्डबर्ग तिला पाहतो आणि मनातल्या मनात तिच्याशी बोलू लागतो. इंग्रजीत त्याचं एका ‘यू’वर भागतं. मराठीत मात्र त्याला ठरवावं लागेल, ‘तू’ की ‘तुम्ही’?

अनोळखी गिऱ्हाइकाला आपण ‘तुम्ही’ म्हणतो. ‘अहो’वरून ‘अगं’वर यायला समोरच्याची संमती लागते. कुणी ती तोंडाने देतं, ‘अहो-जाहो नको ना’ म्हणतं. कुणी नुसतं हसतं. जो ती मागतच नाही. तो मनात थेट ‘तू’वर पोचलेला असतो. पुढची पाळत, चोरी, खून हे सगळं मला त्या एका उडीतून निघालेलं दिसतं.

कॅरोलाइन केपनेसच्या २०१४ सालच्या कादंबरीवर बेतलेली ही मालिका २०१८मध्ये सुरू झाली आणि २०२५मध्ये पाचव्या सीझनला संपली. बेकने कार्डाने पैसे दिले म्हणून जोला तिचं नाव कळतं. मग तो तिची ऑनलाइन खाती धुंडाळतो. सगळी खुली. तिच्या घरासमोर जाऊन उभा राहतो. खिडक्यांना पडदे नाहीत. त्याचा युक्तिवाद असा, की जिने काही लपवलंच नाही, तिच्याकडे पाहिलं तर बिघडलं कुठे?

आपण हे ऐकत राहतो, कारण गोष्ट त्याच्याच आवाजात चालते. तो शेजारच्या लहान मुलाला वाचायला पुस्तकं देतो, बेकला रुळांवरून वाचवतो. (त्याच वेळी तिचा फोन मारतो, ते आपण सोयीने विसरतो.) त्याच्यावर लोक इतके भाळले, की जोचं काम करणाऱ्या पेन बॅजलीलाच ट्विटरवर आठवण करून द्यावी लागली, हा माणूस खुनी आहे.

मला मात्र तो युक्तिवाद ओळखीचा वाटला. कारण तो मीही केला होता.

एका मित्राकडे ती येणार आहे, हे मला आधी कळलं होतं. आदल्या रात्री मी तिचं इन्स्टा पार तळापर्यंत बघून काढलं. चार वर्षांपूर्वीच्या एका फोटोत तिच्या मांडीवर गौरी देशपांडेंचं पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक माझ्या बॅगेतून अर्धवट बाहेर डोकावत होतं. ‘अय्या, तुम्ही हे वाचताय?’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘हो, का?’

आम्ही आज एकत्र आहोत. परवापरवापर्यंत ती हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगायची. मी शेजारी बसून हसायचो.

यात चूक काय? फोटो खुला होता. मी तिचा पाठलाग केला नाही, तिला त्रास दिला नाही. आमच्या पिढीत याला ‘स्टॉक केलं’ असं हसत हसत म्हणतात, आणि करतात सगळेच. बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. पण जोला पाहताना लक्षात आलं, की फोटो पाहणं वेगळं आणि पाहिलाच नाही असं भासवणं वेगळं. त्या संध्याकाळी ती मला पहिल्यांदा भेटत होती. मी तिला पहिल्यांदा भेटत नव्हतो. तिला जो योगायोग वाटला, तो मी आदल्या रात्री रचला होता. तिने मला पसंत केलं, पण ज्याला पसंत केलं तो थोडासा बनावट होता.

जो आणि माझ्यात फार मोठं अंतर आहे, हे मला माहीत आहे. दुकानाच्या तळघरात दुर्मीळ पुस्तकांसाठी असलेल्या काचेच्या पिंजऱ्यात तो माणसं कोंडतो, शेवटी बेकलाही. पण पिंजरा बांधण्याआधी त्याने जे केलं, ते मला जमलं होतं. माणसाला न विचारता त्याची माहिती गोळा करायची आणि त्या गोळाबेरजेला प्रेम म्हणायचं. बेक त्याच्या कल्पनेबाहेर वागली, की तो चिडतो. कारण त्याला बेक नको असते, त्याने जमवलेली बेक हवी असते.

शेवटच्या भागात जो तुरुंगात बसून चाहतीचं पत्र वाचतो आणि दोष प्रेक्षकांवर ढकलतो. तिथला ‘यू’ मराठीत बहुधा ‘तुम्ही’ होईल. ती त्याची पळवाट आहे, हे कळूनही मला तो शब्द लागला.

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. बराच वेळ गप्प राहून एवढंच म्हणाली, ‘ते पुस्तक मला का आवडतं, हे मला तुला स्वतःहून सांगायचं होतं. कधीतरी. माझ्या वेळेला.’

आता ती तो किस्सा सांगत नाही.