ती नळी का बुजवलीस?

ही बाटली घे आणि खिडकीशी उजेडात धर. हलवू नकोस. वर पेट्रोल दिसतंय ना? आता खाली बघ. बुडाशी दोन बोटं गढूळ थर आहे आणि त्याच्याही तळाला गंजाचा तांबूस गाळ बसलाय. हे तुझ्या टाकीतून निघालं, काल संध्याकाळी मी स्वतः काढलं. कुंभार्ली घाटात गाडी का बंद पडली, हे तू मला आठवडाभर विचारतोयस. प्लग बदलून झाला, कार्ब्युरेटर दोनदा खोलून झाला, कॉइलवर संशय घेऊन झाला. उत्तर या बाटलीत होतं.

आणि हे बघ, टाकीच्या पोटाखालचं निपल. त्यात कोंबलेलं एम-सील. त्याच्यावर तुझ्या अंगठ्याचा ठसा अजून दिसतोय.

का केलंस असं विचारलं तर म्हणतोस, ‘सर, नळीतून पेट्रोल टपकत होतं.’ कधी टपकत होतं? ‘पंपावर फुल्ल केली तेव्हा.’ मग घरी आल्यावर टपकत होतं का? रात्रभर टपकलं का? टाकी अर्धी झाल्यावर टपकलं का? यातलं एकही तुला सांगता येत नाही. दोन वर्षं मी तुम्हाला घसा फोडून सांगतोय की आधी बघा, मग विचार करा, मग पान्ह्याला हात लावा. तू सुरुवात एम-सीलपासून केलीस.

तुझ्या टाकीचं झाकण टाकीच्या पत्र्याशी सपाट बसतं. त्याच्याभोवती खोलगट कड आहे. पाऊस पडला की पाणी त्या कडेत साचणारच. म्हणून तिथे बारीक भोक असतं. त्या भोकातून एक पातळ पाइप टाकीच्या आतून, पेट्रोलमधून, सरळ खाली उतरतो आणि या निपलपाशी बाहेर येतो. त्याचा आतल्या पेट्रोलशी काही संबंध नाही. वरचं पाणी खाली नेऊन रस्त्यावर सोडायचं, एवढंच त्याचं काम. पंपावरच्या माणसाने गळ्यापर्यंत भरताना चार थेंब कडेत सांडले, तेही त्याच वाटेने खाली आले. नळी तिचं काम चोख करत होती आणि तू तिचं तोंड बंद केलंस.

मग जूनचा पाऊस आला. कड भरली. झाकणाचं रबर दहा वर्षांचं, कडक झालेलं. आणि नीट ऐक, मुख्य गोष्ट इथे आहे. इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा टाकीत रिकामी झालेली जागा भरायला बाहेरची हवा आत जावी लागते. तुझ्या गाडीत ती झाकणातूनच जाते. आता झाकण पाण्यात बुडालेलं असेल, तर टाकी हवेच्या जागी काय ओढणार? पाणी ओढणार. चिपळूण ते पोफळी, पावसात, प्रत्येक किलोमीटरला ती टाकी थोडं थोडं पाणी पीत होती.

पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी नुसतं तळाला बसायचं. आता पंपावर ई-२० मिळतं, दहा लिटरमागे दोन लिटर इथेनॉल. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणून हा थर इतका जाड आहे, तेवढं सगळं पावसाचं पाणी नव्हे. वर उरलेलं पेट्रोलही मग पहिल्यासारखं राहत नाही. घाटात तू कॉक रिझर्व्हवर फिरवलास ना? मेनचं तोंड टाकीत थोडं उंचावर असतं, रिझर्व्हचं अगदी बुडाशी. तू रिझर्व्ह लावलंस आणि हाच थर कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरला. वळणावर, धुक्यात, मागे बहीण बसलेली. कराडला परीक्षेला निघालेली पोरगी. मागून ट्रक येत होता हे तिनेच मला सांगितलं, तू नाही सांगितलंस.

एक रात्र थांबला असतास तर सगळं कळलं असतं. गाडी उघड्यावर उभी करायची, नळीच्या टोकाला औषधाची रिकामी काचेची बाटली बांधायची आणि सकाळी बघायचं. बाटली कोरडी असेल तर भरताना सांडलं होतं, विषय मिटला. पेट्रोल जमलं असेल तर आतला पाइप गंजून त्याला छिद्र पडलंय. त्याचीही खूण आहे: टाकी भरलेली असेपर्यंत गळतं आणि पेट्रोलची पातळी छिद्राच्या खाली गेली की आपोआप थांबतं. तसं असेल तर ती नळी बुजवणं आणखी वाईट, कारण वरचं पाणी त्याच छिद्रातून थेट टाकीत जाणार. मग टाकी दुरुस्तीला द्यायची. आणि हे कोरून ठेव: टाकी रिकामी केली म्हणून परस्पर वेल्डिंगवाल्याकडे न्यायची नाही. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

आता ज्याने मी खरा संतापलोय, ते. पहिल्यांदा टाकी तू घरी रिकामी केलीस. पडवीत. प्लास्टिकच्या बादलीत. आणि आत पाच पावलांवर आजीची चूल पेटलेली. अरे, पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं! ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि विस्तव गाठते. तुझ्या आजीला उठून पळता येत नाही. हे तुला ठाऊक होतं, वर्गात पहिल्या महिन्यात शिकवलंय, तू वहीत लिहून घेतलंयस. गाडी बिघडवलीस ते मी विसरेन. हे विसरणार नाही.

आणि ही गाडी घेताना तू नेमकं काय बघितलंस? २०१४ ची गाडी, आईने बचत गटातून उचललेले २८,००० रुपये. तू आवाज ऐकलास, टायर बघितलेस, आरसी बुक बघितलंस. सीट काढून टाकी उचलली नाहीस. मागचा एक बोल्ट, कॉक बंद, पेट्रोलची नळी सोडायची, टाकी हातात येते. दहा मिनिटांचं काम. उचलली असतीस तर दिसलं असतं की आधीच्या मालकाने ही नळी इंजिनच्या वरच तोडलीय. ती मागे, स्विंगआर्मजवळ, सायलेन्सरपासून लांब जमिनीकडे सुटायला हवी. तुझ्या गाडीत ते चार थेंब गरम इंजिनवर पडत होते. काळजी करण्यासारखं होतं ते हे, आणि त्यावर उपाय होता हातभर नवी नळी.

गाडीखाली लोंबणारी प्रत्येक नळी वेगळी असते. काही गाड्यांत टाकीच्या हवेची नळी याच नळीच्या शेजारी उतरते. ती बुजवली की गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालते, मग दम तोडते, झाकण उघडलं की ‘फुस्स’ होतं आणि परत सुरू होते. कार्ब्युरेटरच्या वाटीखालची तिसरी. तिथून पेट्रोल आलं तर फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. तिचं तोंड बंद केलंस तर तेच पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. तुझ्या मित्राची गाडी बीएस-६ आहे, इंजेक्शनची. तिच्या टाकीची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिच्या पेट्रोलच्या नळीत साधारण ३ बार दाब असतो, गाडी बंद केल्यावरही काही काळ राहतो. तिला तू हात लावायचा नाहीस. मी सांगेपर्यंत नाही.

आता तोंड पाडून उभा राहू नकोस. तुझे हात चांगले आहेत, बॅचमध्ये तुझ्याइतकी स्वच्छ फिटिंग कोणी करत नाही, म्हणून तर एवढं बोलतोय. टाकी तिकडे शेडच्या बाहेर, सावलीत ने. मोबाइल इथे ठेव. ते एम-सील स्क्रूड्रायव्हरने खरवडू नकोस, निपलचा पत्रा पातळ आहे, वाकला तर संपलं. ड्रिल लावायचं नाही, ठिणगी उडते. हाताने, पिनव्हाइसमध्ये बारीक बिट धरून, थोडं थोडं काढ. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आतल्या पाइपचा जोड सुटेल. मोकळं झालं की टाकीच्या तोंडात फडकं कोंब, सिरिंजने कडेत पाणी सोड आणि खाली किती थेंब येतात ते मोज. जेवढं घातलंस तेवढं आलं तरच मला हाक मार.