कठडा कोणासाठी?

घराबाहेर हवेशीर बसायची जागा असावी, असे कोणाला वाटत नाही? कोकणात आपल्या वाडवडिलांना ती आयतीच मिळाली होती. ओटा होता, अंगण होते, अंगणात माड होते. मुंबईत त्याची गॅलरी झाली आणि पुढे गॅलरीही खोलीत गेली. मग एखादे कुटुंब नोकरीनिमित्त आखातात जाते, तेथे कंपाउंडच्या भिंतीआड घर आणि वर सपाट गच्ची मिळते, आणि इतकी वर्षे दबलेली हौस जागी होते. हौस चांगलीच आहे. पण अशा जागेची आखणी करताना पहिला प्रश्न कोणता विचारावा, याचा विचार आपण क्वचितच करतो.

ओमानमधील अल अमेरातचे उदाहरण घेऊ. मस्कतच्या पाठीमागे, उघड्याबोडक्या खडकाळ डोंगरांमध्ये ही वस्ती वाढली आहे. २०२१ सालच्या ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकातील पहिल्या फेरीचे काही सामने तेथे झाले, म्हणून क्रिकेटवेड्या वाचकांना हे नाव आठवेल. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभर तापलेला खडक रात्री धग सोडीत राहतो. बाहेर बसायचे दिवस म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि तेव्हा गच्चीसारखी सुखाची जागा नाही.

अडचण तेथेच आहे. त्या भागात घराभोवती उंच भिंत घालतात, ती घरातील बायकामुलांना आवारात मोकळेपणी वावरता यावे म्हणून. पाहुण्यांची बैठक, जिला मजलिस म्हणतात, तीही पुष्कळदा पुढच्या दाराजवळच ठेवतात. आता आपण गच्चीवर चहाचे टेबल मांडले, तर आपल्याला डोंगर दिसतील खरे, पण शेजारणीचे सारे अंगणही दिसेल. त्या भिंतीचा तिला मग उपयोग काय?

“भाडे मी भरतो, गच्ची माझी,” असे यावर कोणी म्हणेल. हक्काच्या दृष्टीने ते खोटे नाही. परंतु तोरेने या विषयाला हात घातला आहे, तो वेगळ्याच बाजूने. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. घर किती मोठे असावे, हे तेथे सांगितलेले नाही. सांगितले आहे ते गच्चीच्या कडेविषयी. घरमालकाला आपल्या गच्चीची कड अंधारातही ठाऊक असते. पडतो तो पाहुणा, लहान मूल, किंवा कामाला आलेला माणूस. म्हणजे कठडा प्रथम परक्यासाठी आहे.

या कठड्याची उंची आपल्या विद्वानांनी दहा मुठी ठरविली, म्हणजे सुमारे अडीच-तीन फूट. पण तालमूदमध्ये, बाबा बथरा या भागात, आणखी एक माप आहे. ज्याची गच्ची दुसऱ्याच्या अंगणाला लागून असेल, त्याने चार हात, म्हणजे सुमारे सहा फूट उंच कठडा करावा. पहिले माप जीव वाचविण्यासाठी आहे आणि दुसरे शेजाऱ्याची अब्रू राखण्यासाठी. नजरेने कोणाचे हाड मोडत नाही, तरी तिला तेथे नुकसानच मानले आहे.

कारणही मोठे व्यवहारी दिले आहे. अंगणवाला म्हणतो, माझी अंगणात वावरण्याची वेळ ठरलेली आहे, पण तू गच्चीवर केव्हा चढशील हे मला कळत नाही, मग मी स्वतःला जपू कसा? म्हणून खर्च गच्चीवाल्याने सोसायचा.

“मग शेजाऱ्याला विचारले म्हणजे झाले,” असेही कोणी सुचवील. विचारावे जरूर. पण ज्या देशात दारी आलेल्याला खजूर आणि कावा दिल्याशिवाय सोडीत नाहीत, तेथे शेजारी तोंडावर ‘नको’ म्हणेल काय? भिडेपोटी दिलेल्या होकारावर आपली सोय उभारणे बरे नव्हे. नियमाचा उपयोग हाच की दुसऱ्याला नकार देण्याची पाळी येत नाही.

यात आपला तोटा आहे, हे कबूल केले पाहिजे. सहा फुटांच्या आडोशाने वारा अडतो आणि डोंगर झाकले जातात. जाळीच्या विटांनी किंवा बैठक रस्त्याच्या बाजूला सरकवून थोडे भागते, सगळे नाही. पण ज्या कर्तव्याला काहीच किंमत पडत नाही, त्याची आठवण करून देण्याची गरजही नसते.

शेजारी निदान दिसतो. न दिसणाऱ्यांचे काय? अल अमेरातच्या बाजूचे पावसाचे पाणी वादी अदईच्या घळीतून खाली मस्कतकडे उतरते. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ आले तेव्हा अशा कोरड्या ओढ्यांनी काय हाहाकार माजविला, हे तेथील लोक विसरलेले नाहीत. सारे आवार फरशीने मढविले की आपला चिखल जातो आणि आपले पाणी फाटकाबाहेर दुसऱ्याच्या वाट्याला येते. एका अंगणाने पूर येत नाही, हे खरे. पण प्रत्येक जण हेच म्हणत असतो. थोडी माती उघडी ठेवावी, तीत एखादा कडुनिंब लावावा. करार संपून आपण निघून गेलो, तर सावली पुढच्या भाडेकरूला मिळेल. नुकसान परक्याला देता येते, तशी सावलीही देता येते.

तेव्हा वाचकहो, अल अमेरात असो वा अलिबाग, खुर्च्या घेण्यापूर्वी गच्चीवर एकदा नुसते उभे राहावे. आपल्याला काय दिसते हे पाहावेच, पण येथून कोणाला त्रास होईल, कोण पडेल, पाणी कोठे जाईल, हे आधी पाहावे. एवढे झाल्यावर मग टेबल मांडावे आणि शेजाऱ्यालाही चहाला बोलवावे.