हाकेची वाट पाहणारा

कोकोयाशी गावात नोजिको आपल्या बहिणीची हकीकत सांगायला बसते. नामी आर्लाँगच्या टोळीत का गेली, दंडावर त्या टोळीची खूण का वागवते, अख्खं गाव विकत घेऊन सोडवण्यासाठी दहा कोटी बेरी कशी जमवते आहे, हे सगळं. उसोप ऐकतो, सांजी ऐकतो. त्यांचा कप्तान लुफी मात्र उठतो. तिच्या भूतकाळात मला रस नाही असं सांगतो आणि फिरायला निघून जातो. पुढे आर्लाँग नामीचा घात करतो, तिने साठवलेला पैसा नौदलाच्याच एका अधिकाऱ्याकडून जप्त करवतो. ती स्वतःच्या दंडावरच्या त्या खुणेवर सुरी चालवायला लागते, तेव्हा तिचा हात धरणारा लुफीच असतो. तुला यातलं काही माहीत नाही, असं ती ओरडते. तो कबूल करतो की माहीत नाही. मग ती त्याच्याकडे मदत मागते, आणि कोणालाही हात लावू न दिलेली स्वतःची गवती टोपी तो तिच्या डोक्यावर ठेवून लढायला निघतो.

'वन पीस'च्या चाहत्यांमध्ये या प्रसंगावरून वर्षानुवर्षं वाद होत आला आहे. काही म्हणतात, त्याला ऐकण्याचा कंटाळा आहे, दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याइतकी पोच त्याच्यात नाही. उरलेले म्हणतात, त्याचा नामीवर इतका विश्वास आहे की तिच्या वागण्याचं समर्थन त्याला ऐकावंसंच वाटत नाही. दुसरं वाचन मला जवळचं वाटतं, तरी ते अपुरं आहे. नामीची कहाणी त्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची नाही. तिच्या वतीने निर्णयही घ्यायचा नाही. तो तिच्या हाकेची वाट पाहतो. ती जोवर म्हणत नाही तोवर आर्लाँगशी लढणं हा त्याचा अधिकार नाही, आणि तिने म्हटल्यावर कारण विचारणं हाही त्याचा अधिकार नाही. लुफीच्या नीतीचं मूळ मला इथे दिसतं.

एइचिरो ओडा यांची ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९७च्या जुलैमध्ये 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. शंभराहून अधिक खंड झाले. १९९९पासून तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका चालू आहे, २०२३मध्ये नेटफ्लिक्सने ती खऱ्या नटांना घेऊन केली. एवढा काळ एका पात्राबरोबर राहिलं की वाचक त्याच्याकडून आपल्या जगण्याचे हिशेब मागू लागतो. लुफी चांगला माणूस आहे का, हा प्रश्न चाहते इतक्या पोटतिडकीने विचारतात याचं मला नवल वाटत नाही.

स्वतः लुफीचं उत्तर स्पष्ट आहे. मत्स्यमानवांच्या बेटावर त्यांच्यातलाच जिन्बे त्याला सुचवतो की या लोकांचा नायक होऊन लढ. लुफी साफ नकार देतो. नायक आपल्या वाट्याचं मांस लोकांना वाटून टाकतो आणि मला ते स्वतःला खायचं आहे, असं त्याचं म्हणणं. चाहत्यांनी हा प्रसंग गंमत म्हणून डोक्यावर घेतला. मी तो शब्दशः खरा मानतो. अन्यायाविरुद्ध लढायचं म्हणून लुफी कधी निघत नाही. वानो देशात तामा नावाची एक चिमुरडी, स्वतः उपाशी राहून, आपल्याजवळचा मूठभर भात त्याला वाढते. ते कळल्यावर तो शब्द देतो की या देशात तुला पोटभर जेवता येईल असे दिवस मी आणीन. कायदोसारख्या राक्षसी सत्ताधीशाशी झालेल्या एवढ्या मोठ्या लढाईच्या मुळाशी एक ताटलीभर भात आहे. खाल्ल्या अन्नाला जागणं म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. तत्त्वांची यादी बाजूला ठेवून एका माणसाच्या ऋणापासून नीती सुरू होऊ शकते, हे ओडांनी इतक्या ठामपणे मांडलं की त्या एका गोष्टीसाठीही ही मांगा मला मोठी वाटते.

हीच नीती लुफीची सोबतीण रॉबिन हिच्या बाबतीत सर्वात उंच जाते. रॉबिन आठ वर्षांची असताना जागतिक सरकारने ओहारा हे विद्वानांचं बेट बेचिराख केलं, कारण तिथले लोक पुसून टाकलेला इतिहास वाचायला शिकले होते. जिवंत सुटलेल्या या मुलीवर सात कोटी नव्वद लाख बेरींचं इनाम लागलं. गुन्हेगार कोण हे दफ्तर कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे ठरले, हे माहीत असलेल्या वाचकाला हा भाग चटकन भिडतो. वीस वर्षं पळून थकलेली रॉबिन अखेर सोबत्यांना वाचवण्यासाठी स्वतःला सरकारच्या हवाली करते. सरकारच्या एनिस लॉबी या ठाण्यात लुफी समोर येतो तेव्हा ती त्याला समजावते की माझा शत्रू म्हणजे अख्खं जग आहे, एक दिवस मी तुम्हालाही ओझं होईन. लुफी तिच्याशी वाद घालत नाही. तो जागतिक सरकारचा झेंडा जाळायला लावतो. तिचा शत्रू तो आता आपला झाला, प्रश्न मिटला. आणि एवढं केल्यावरही तिला ओढून नेत नाही. तुला जगायचं आहे हे तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, असं बजावतो.

इतरांसाठी मरणं हा थोर गुण आहे असं अनेक कथा शिकवतात. इथे एका बाईला, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला तरी मला जगायचं आहे, हे उच्चारायला लावलं जातं. ज्यांना घरात, नात्यात, नोकरीत आपण ओझं आहोत असं वाटत आलं, त्यांना या प्रसंगाने काय दिलं असेल ते मी समजू शकतो. चाहते रॉबिनवर एवढं प्रेम करतात त्यात तिच्या हुशारीचा वाटा आहेच, पण तिने रडत मागितलेल्या त्या एका गोष्टीचा वाटा मोठा आहे.

म्हणूनच आता जे म्हणायचं आहे ते म्हणताना मला जड जातं. लुफीच्या गलबतावर येण्याआधी रॉबिन क्रोकोडाइलचा उजवा हात होती. त्याच्या कारस्थानाने अलाबास्ता देश यादवीत ढकलला गेला, माणसं मेली. अलाबास्ता म्हणजे विवीचा देश, आणि विवी ही लुफीची जिवाभावाची सोबतीण. तिचा निरोप घेऊन गलबत निघतं न निघतं तोच रॉबिन गलबतावर प्रकट होते. मला मरू दिलं नाहीस, आता माझी जबाबदारी घे, असं लुफीला सांगते आणि तो सहज होकार देतो. विवीला विचारायची सोयच त्या क्षणी नाही, आणि विचारायला हवं होतं हे त्याच्या मनातही येत नाही. रॉबिनच्या बालपणाची कहाणी आपल्याला पुढे कळते आणि तिच्या ओझ्याखाली अलाबास्तातले मेलेले लोक आपणही विसरून जातो. तिला पर्यायच नव्हता, असं सांगून चाहते विषय बंद करतात. मला तसा तो बंद करता येत नाही. रॉबिनला क्षमा मिळावी असंच मला वाटतं, पण ती क्षमा द्यायचा हक्क लुफीचा नव्हता.

समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऋण मानणारी नीती नजरेआड असलेल्या माणसाला पाहू शकत नाही. इंपेल डाउनच्या तुरुंगात हे आणखी उघड होतं. भाऊ एसला सोडवायला लुफी आत शिरतो आणि त्या धावपळीत क्रोकोडाइलही सुटतो. लुफी आधी विरोध करतो, मग एसचा जीव महत्त्वाचा म्हणून मान्य करतो. भाऊ वाचवताना कोणाला मोकळं सोडलं याचा हिशेब माणूस त्या घडीला करत नाही. पण वाचकाने तो नंतर करावा, निदान क्रोकोडाइलच्या वाळूत गाडल्या गेलेल्या युबा गावाची आठवण ठेवून करावा.

नात्यांच्या बाबतीत चाहत्यांची वाचनं याहून रंगीत आहेत. टोपी डोक्यावर ठेवली म्हणजे नामीवर प्रेम, असं एक मोठा गट मानतो. अमेझॉन लिली बेटावरच्या हँकॉकचं लुफीवरचं एकतर्फी प्रेम फळाला यावं म्हणून कित्येक जण आस लावून बसलेत. थ्रिलर बार्कवर लुफीच्या देहातलं सगळं दुखणं स्वतःच्या अंगावर घेऊन, काहीच घडलं नाही म्हणणाऱ्या त्याच्या सोबत्यामध्ये, झोरोमध्ये, कोणाला निष्ठेपलीकडचं काही दिसतं. लुफीला अशी ओढच नाही आणि तरीही तो भरभरून जगतो, हे पाहून आपल्यासारखं कोणीतरी भेटल्याचा दिलासा मिळणारेही वाचक आहेत. ओडांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगून टाकलं आहे की या गलबतावरची मंडळी साहसाच्या प्रेमात आहेत. त्याने चर्चा थांबली नाही, थांबायचं कारणही नाही. मोकळ्या सोडलेल्या जागेत वाचक आपलं घर बांधणारच.

माझं म्हणणं वेगळं आहे. या प्रेमाच्या वाचनांमध्ये लुफीच्या नात्यांतली सर्वात नाजूक गोष्ट झाकली जाते. अमेझॉन लिलीच्या आखाड्यात तो हँकॉकच्या बहिणीशी, सँडरसोनियाशी लढत असतो. तिच्या पाठीवरचे कपडे जळतात. पाठीवर गुलामगिरीचा डाग आहे, तो बेटावरच्या कोणालाही कळू नये म्हणून या बहिणींनी आयुष्य काढलं आहे. लुफीला त्या डागाचा अर्थ माहीत नाही. तिला तो दाखवायचा नाही एवढंच कळतं, आणि जिच्याशी जीव पणाला लावून लढतो आहे तिची पाठ तो आपल्या देहाने झाकून धरतो. लढाई वेगळी आणि ही गोष्ट वेगळी, असं त्याचं साधं गणित. नामीच्या भूतकाळाकडे पाठ फिरवून जाणारा लुफी आणि हा लुफी एकच आहे. जे तुम्ही स्वतःहून सांगितलेलं नाही ते जाणून घेण्याची त्याला हाव नाही. हँकॉक प्रेमात पडते ती अशा माणसाच्या. त्याने उलट प्रेम करावं की नाही याची चर्चा मला या प्रसंगापुढे फार लहान वाटते.

२०२२च्या मार्चमध्ये कथेने नवं वळण घेतलं. लुफीने लहानपणी खाल्लेलं फळ रबराचं नव्हतंच, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या निका या सूर्यदेवाचं होतं, असं उघड झालं. चाहते दुभंगले. मला ते वळण त्रासदायक वाटलं. ज्याने एका मुलीच्या भातापायी लढाई अंगावर घेतली त्याच्या मागे आता दैवी योजना उभी राहिली. मुक्तिदाता म्हणून नियुक्त झालेल्याने मुक्ती देणं यात विशेष काय? ओडांनी तामाचा भात पुसलेला नाही हे खरं, पण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत तो लहान झाला.

आणि मग लुफीचा झेंडा पुस्तकातून बाहेर आला. २०२५च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, इंडोनेशियातल्या ट्रकांवर आणि घरांवर गवती टोपी घातलेली कवटी फडकली. सरकारवरची नाराजी लोक तिच्यातून सांगत होते, आणि काही राजकारण्यांना त्यात देश फोडण्याचा डाव दिसला. सप्टेंबरात नेपाळमध्ये समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध आणि भ्रष्टाचाराविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. काठमांडूतला सिंहदरबार हा सरकारी कचेऱ्यांचा वाडा जळत असताना त्याच्या फाटकावर हाच झेंडा होता. सत्तरहून अधिक माणसं त्या दिवसांत प्राणाला मुकली. चित्रकथेचा झेंडा घेऊन कसलं राजकारण, असं म्हणणाऱ्यांना ही मांगा माहीत नाही. ड्रम बेटावर डॉक्टर हिरिलुकचा झेंडा पडू नये म्हणून लुफी तोफेचा गोळा अंगावर घेतो, आणि हे चिन्ह चेष्टेने लावायचं नसतं, त्यामागे जीव लावावा लागतो, असं वापोल राजाला सुनावतो. काठमांडूच्या पोरांनी हे वाचन बरोबर केलं होतं.

पण लुफी जिंकल्यावर निघून जातो. अलाबास्तातून गेला, ड्रेसरोसातून गेला, वानोतूनही गेला. गादीवर कोण बसणार, धान्य कसं वाटायचं, कालपर्यंत एकमेकांवर तलवारी उगारलेले शेजारी उद्या एका विहिरीवर कसे येणार, हे त्याचे प्रश्न नाहीत. नेपाळच्या तरुणांना तशी सोय नव्हती. पंतप्रधानांनी राजीनामा दिला, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, आणि तरुणांच्या वाट्याला मतदार याद्या, निवडणूक आणि मेलेल्यांच्या घरी जाणं आलं.

त्यांना या कथेत आपलं पात्र शोधायचं तर ते विवी आहे. अलाबास्ताच्या वाटेवर तिचं आणि लुफीचं कडाक्याचं भांडण होतं. कोणीही मरू नये असं ती म्हणते, माणसं मरतातच असं तो म्हणतो. एकट्या स्वतःचा जीव पणाला लावून हे भागणार नाही, आमचेही जीव लाव, असं तो तिला ऐकवतो. चाहते हे भांडण लुफीने जिंकलं असं मानतात, आणि अर्धं त्याने जिंकलंही. विवी मदत मागायला त्याच्याकडून शिकली. पण बोलावणं आलेलं असताना, मनात ओढ असताना ती गलबतावर चढली नाही. आपल्या देशावर आपलं प्रेम आहे असं सांगून ती मागे राहिली. तिचं ऋण एका माणसाचं नव्हतं. जे समोर नाहीत, ज्यांची नावंही तिला ठाऊक नाहीत, त्यांचंही ती देणं लागत होती. आवडत्या पात्रांच्या चर्चेत तिचं नाव क्वचित पुढे येतं. लुफीवर जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांनी तिचा भाग पुन्हा वाचावा आणि रॉबिनच्या क्षमेचा प्रश्न लुफीऐवजी तिच्यापुढे मांडून पाहावा.