पाच कोपेकांचा साक्षी : मॉस्कोची बससेवा आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न

माणूस प्रामाणिक राहतो तो कोणीतरी पाहत असते म्हणून, की कोणी पाहत नसतानाही तो तसाच वागला असता, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन तो एका कथेच्या आधारे मांडतो. बोटात घालून फिरवताच माणसाला अदृश्य करणारी अंगठी एका मेंढपाळाच्या हाती लागते आणि तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. अशा दोन अंगठ्या असत्या आणि त्यांतील एक न्यायी माणसाला, दुसरी अन्यायी माणसाला दिली असती, तर दोघेही सारखेच वागले असते, असा ग्लॉकनचा दावा आहे. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत ओळख नाकारतो तेव्हा शकुंतला त्याला जे सुनावते ते याच्या नेमके उलट आहे: पाप करणाऱ्याला वाटते की आपल्याला कोणी पाहिले नाही, परंतु सूर्य, चंद्र, वायू, अग्नी, दिवस, रात्र आणि त्याचे स्वतःचे हृदय यांना ते ठाऊक असते. एका मताप्रमाणे साक्षीदार गेला की नीतीही जाते, तर दुसऱ्या मताप्रमाणे साक्षीदार कधी जातच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्को शहराच्या बसगाड्यांत या प्रश्नाला एक तिसरे रूप मिळाले, आणि ते या दोन्ही उत्तरांच्या चौकटीत मावत नाही.

मॉस्कोत नियमित बससेवा ८ ऑगस्ट १९२४ रोजी सुरू झाली. कालांचेव्स्काया चौक ते त्वेर्स्काया झास्तावा, म्हणजे एका रेल्वे स्थानकाच्या परिसरातून दुसऱ्या स्थानकाच्या परिसरापर्यंत, हा पहिला मार्ग होता आणि त्यावर इंग्लंडहून आणलेल्या लेलँड कंपनीच्या गाड्या धावत होत्या. या गाड्यांसाठी वास्तुरचनाकार कॉन्स्तान्तिन मेल्निकोव यांनी बाख्मेत्येव रस्त्यावरील आगार रचले आणि त्याच्या छताचा पोलादी सांगाडा अभियंते व्लादिमिर शूखोव यांनी उभारला. १९२६-२७ मध्ये बांधलेल्या या आगारात गाड्या तिरप्या रांगांत अशा उभ्या राहत की एका बाजूने आत आलेली गाडी मागे न घेता दुसऱ्या बाजूने बाहेर काढता येई. गाड्यांची शिस्त अशी भिंतींच्या रचनेतच बसवलेली होती, परंतु प्रवाशांची शिस्त मात्र एका माणसावर, वाहकावर, सोपवलेली होती. वाहक अंतराप्रमाणे भाडे घेई, तिकीट फाडून देई, आणि प्रवाशाने पैसे दिले की नाहीत हे पाहणारे डोळे त्याचे, बहुधा तिचे, असत, कारण या कामावर स्त्रियांची संख्या मोठी होती. या काळापुरता ग्लॉकनचा प्रश्न बसमध्ये उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला शहर वाढल्यामुळे. १९५७ च्या गृहनिर्माणविषयक शासकीय निर्णयानंतर नोव्ये चेर्योमुश्कीसारख्या वसाहतींत पाच मजली इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, १९६० मध्ये मॉस्कोची हद्द बाहेरच्या वर्तुळाकार महामार्गापर्यंत नेण्यात आली आणि शहराचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक झाले. भुयारी रेल्वे या नव्या वस्त्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागणार होता (चेर्योमुश्कीला ती १९६२ मध्ये पोहोचली) आणि तोपर्यंत, तसेच त्यानंतरही स्थानकापासून घरापर्यंतच्या अंतरासाठी, सारा भार बसवर होता. गाड्या वाढवायच्या तर वाहकही वाढवावे लागणार, आणि बांधकामे व कारखाने यांनाच माणसे अपुरी पडत असताना ते परवडणारे नव्हते. म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वाहकाविना गाड्या चालवण्याचे प्रयोग सुरू झाले आणि पुढच्या दशकात ती सर्वसाधारण पद्धत बनली. १९६१ च्या चलनसुधारणेनंतर भाडेही सोपे झाले: अंतर कितीही असो, बसला पाच कोपेक, ट्रॉलीबसला चार आणि ट्रामला तीन. कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा भाग. एकच दर असल्यामुळे हिशेब करणारा माणूस अनावश्यक ठरला.

वाहकाच्या जागी एक पेटी आली. तिच्या वरच्या बाजूला नाणे टाकण्याची फट, तिच्याखाली पारदर्शक झाकण, आणि शेजारी तिकिटांची गुंडाळी होती. प्रवाशाने नाणे टाकायचे, मूठ फिरवायची आणि बाहेर आलेले तिकीट स्वतःच फाडून घ्यायचे. या यंत्राचे तात्त्विक महत्त्व त्याच्या एका उणिवेत आहे. नाणे आणि तिकीट यांचा यांत्रिक संबंध नव्हता: पाचऐवजी तीन कोपेक टाकले, किंवा काहीच टाकले नाही, तरी मूठ फिरवताच तिकीट मिळे. नाणे पडल्याखेरीज तिकीट न सोडणारे यंत्र बनवणे अशक्य नव्हते, परंतु ही पेटी तसे करत नव्हती, आणि प्रवाशाची सदसद्विवेकबुद्धी हाच सर्वांत चांगला तपासनीस, अशा आशयाच्या घोषणा गाड्यांत झळकत होत्या.

या घोषणेमागे केवळ बचतीचा हिशेब होता असे मानणे अपुरे ठरेल. ऑक्टोबर १९६१ मध्ये भरलेल्या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनाने पक्षाचा जो नवा कार्यक्रम मंजूर केला, त्यात बारा कलमांची नैतिक संहिता होती. प्रामाणिकपणा, सत्यनिष्ठा आणि माणूस हा माणसाचा मित्र, सहकारी व बंधू आहे ही भावना तिच्यात सांगितलेली होती. त्याच काळात ख्रुश्चोव्ह यांच्या कारकिर्दीतील धर्मविरोधी मोहीम जोरात होती आणि हजारो चर्च बंद करण्यात येत होती. म्हणजे ज्या वर्षांत राज्यसंस्था आकाशातल्या साक्षीला अधिकृतपणे निरोप देत होती, त्याच वर्षांत ती बसमधल्या साक्षीलाही, वाहकाला, खाली उतरवत होती. आणि दोघांच्या रिकाम्या जागी तिने माणसाचे मन बसवले. हे धाडस होते, आणि त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. आपल्या नागरिकांवर इतर बाबतींत सहसा विश्वास न ठेवणाऱ्या सत्तेने रोज लक्षावधी लोकांच्या हाती ही छोटी परीक्षा सोपवली, ही गोष्ट त्या व्यवस्थेचे कठोर टीकाकारही सहज उडवून लावू शकत नाहीत.

परंतु ही परीक्षा एकांतातली नव्हती, आणि येथेच ग्लॉकनच्या अंगठीची उपमा तोकडी पडते. सकाळी कारखान्याच्या वेळेला बस इतकी भरे की पेटीपर्यंत पोहोचणे शक्य नसे. मग प्रवासी आपले नाणे शेजाऱ्याच्या हातात देई, पुढे द्या अशी विनंती करी, आणि ते नाणे अनोळखी हातांतून सरकत पेटीपर्यंत जाई, व त्याच वाटेने तिकीट परत येई. ज्याच्याजवळ वीस कोपेकांचे एकच नाणे असे, तो ते पेटीत टाकून तिच्याजवळ उभा राही आणि पुढच्या तीन जणांची पाच-पाच कोपेकांची नाणी स्वतःकडे घेऊन त्यांना तिकिटे देई. काही क्षणांपुरता तोच वाहक होई, आणि त्याचा हिशेब खरा आहे की नाही हे आजूबाजूचे लोक नुसत्या नजरेने ताडत. पैसे देणाऱ्याला मधल्या दहा जणांवर विसंबावे लागे आणि त्या दहा जणांनाही आपण विश्वासास पात्र आहोत हे हाताने दाखवून द्यावे लागे. येथे प्रामाणिकपणा हा एका माणसाच्या अंतःकरणात बंद असलेला गुण नव्हता. तो अनेकांनी मिळून, एकमेकांच्या आधाराने पार पाडलेली कृती होता.

इमान्युएल कांट यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात कर्तव्याशी सुसंगत कृती आणि कर्तव्यबुद्धीतून घडलेली कृती यांत भेद केला. अजाण गिऱ्हाइकालाही योग्य भावात माल देणारा दुकानदार बरोबरच वागतो, परंतु ते दुकानाची पत टिकावी म्हणून असेल, तर त्याच्या वागण्याला नैतिक मोल नाही, असे कांट यांचे म्हणणे आहे. या कसोटीवर मॉस्कोचा प्रवासी उतरणे कठीण. पारदर्शक झाकणाखालचे नाणे सर्वांना दिसत असताना त्याने पाच कोपेक टाकले ते कर्तव्य म्हणून की लाजेपोटी, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. मात्र यावरून त्याचा प्रामाणिकपणा खोटा ठरत नाही. उलट, हेतू पूर्णपणे निर्भेळ असल्याखेरीज कृतीला मोल नाही, ही कसोटीच समूहात जगणाऱ्या माणसाला लागू पडत नाही असे दिसते. लाज आणि सदसद्विवेक या दोन स्वतंत्र शक्ती नसून पहिलीच्या सहवासात दुसरी वाढते, आणि दुसरी क्षीण झाली की पहिली काही काळ तिचा भार वाहते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. ज्या काळात पेटी आली, त्याच काळात, १९५९ पासून, रस्त्यांवर लाल पट्ट्या बांधलेली नागरिकांची स्वयंसेवक पथके फिरू लागली आणि कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांनीच सहकाऱ्याच्या वर्तनाचा निवाडा करणारी ‘बंधुन्यायालये’ पुन्हा जोर धरू लागली. समाजशास्त्रज्ञ ओलेग खार्खोर्दिन यांनी व्यक्ती आणि समूह यांच्या रशियातील संबंधांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे प्रतिपादन केले की ख्रुश्चोव्ह यांचा काळ हा केवळ मोकळीक वाढल्याचा काळ नव्हता. वरून होणाऱ्या दहशतीची जागा परस्परांवरील पाळतीने घेतली आणि ती अधिक सर्वव्यापी ठरली. या दृष्टीने पाहिल्यास पेटीभोवतीची गर्दी म्हणजे एका वाहकाच्या जागी आलेले पन्नास वाहक. आक्षेपात तथ्य आहे. तरीही पाळत आणि हातोहात पुढे गेलेले नाणे यांत एक भेद उरतो: पाळत ठेवणाऱ्याला समोरच्याचा अपराध सापडावा लागतो, तर नाणे पुढे देणाऱ्याला समोरच्याचे तिकीट सुखरूप परत यावे लागते. दोन्हींत नजर असते, परंतु पहिली नजर संशयाची आणि दुसरी मदतीची असते. मॉस्कोच्या बसमध्ये दोन्ही एकाच वेळी होत्या, आणि त्यांपैकी एकीनेच सारे चित्र रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही.

याच तिकिटांनी निरीश्वरवादी राज्यात एक छोटी श्रद्धाही जन्माला घातली. तिकिटावर सहा आकडी क्रमांक असे आणि पहिल्या तीन आकड्यांची बेरीज शेवटच्या तीन आकड्यांच्या बेरजेइतकी भरली, तर ते तिकीट शुभ मानले जाई. मनात इच्छा धरून ते खाऊन टाकायचे, असा संकेत होता. दहा लाख संभाव्य क्रमांकांपैकी ५५,२५२ क्रमांक असे असतात, म्हणजे साधारण अठरा तिकिटांत एक, आणि ही संख्या काढणे हा गणिताच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रश्न बनला. लोक ही श्रद्धा खेळीमेळीने पाळत, हे खरे. तरीही लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की, पैसे न टाकताही मिळू शकणाऱ्या त्या कागदाच्या तुकड्यात लोकांना काही न्याय्य, काही आपल्यासाठीच ठेवलेले असावेसे वाटत होते.

बाविसाव्या अधिवेशनाच्या कार्यक्रमात आणखी एक वचन होते: १९८० पर्यंत शहरी वाहतूक विनामूल्य होईल. ते प्रत्यक्षात आले असते तर पेटी काढून टाकावी लागली असती आणि प्रामाणिकपणाची परीक्षाही तिच्याबरोबर संपली असती. या वचनात एक खोल तात्त्विक अडचण दडलेली आहे. भाडेच नसेल तर भाडे बुडवण्याचा प्रश्न उरत नाही, आणि मग माणूस सद्गुणी झाला की त्याला सद्गुणाची गरज उरली नाही, हे ठरवता येत नाही. मार्क्सवादाच्या एका धारेनुसार न्याय हा टंचाईच्या काळातला सद्गुण आहे आणि विपुलता आली की तो आपोआप मागे पडतो. पेटी या धारेत केवळ मधल्या काळाची सोय ठरते. परंतु ज्या नीतिसंहितेने प्रामाणिकपणा हे नव्या माणसाचे लक्षण ठरवले, तिला या लक्षणाला वावच न ठेवणारे भविष्य कसे हवे असू शकते, याचे समाधानकारक उत्तर त्या कार्यक्रमात मिळत नाही.

प्रत्यक्षात विनामूल्य प्रवास आला नाही, आणि पेटीही टिकली नाही. फुकट्या प्रवाशांची, रशियन बोलीत ज्यांना ससे म्हणतात त्यांची, संख्या वाढत गेली तसे तपासनीस वाढले, आणि १९८० च्या दशकात आधी विकत घेतलेले तिकीट गाडीतील छोट्या यंत्राने पंच करण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक यंत्राच्या छिद्रांची नक्षी वेगळी असे आणि तपासनीस त्याच यंत्रात कोरा कागद पंच करून ती ताडून पाही. म्हणजे साक्ष आता कागदावरच्या छिद्रांनी द्यायची होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खाजगी मिनीबस आल्या आणि त्यांत पैसे चालकापर्यंत हातोहात पोहोचवण्याची जुनी रीत सुरूच राहिली, हे विशेष, कारण तेथे ना घोषणा होती ना संहिता. शहराच्या स्वतःच्या गाड्यांत मात्र २००१ पासून पुढच्या दाराशी फिरते अडसर बसवण्यात आले. एकेका प्रवाशाला कार्ड दाखवून त्यातून जावे लागल्याने थांब्यांवर गाड्या रेंगाळू लागल्या, आणि २०१८ मध्ये ते अडसर काढून पुन्हा सर्व दारांनी चढण्याची मुभा देण्यात आली. आता प्रत्येक दाराजवळ कार्ड टेकवण्याचे यंत्र आहे आणि ते न टेकवता आत जाणे शक्य आहे. या अर्थाने निर्णय पुन्हा प्रवाशाकडे आला; फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की भाडे भरण्यासाठी त्याला आता शेजारी उभ्या असलेल्या कोणाचाही हात लागत नाही.