घड्याळाला कसं कळणार?

आमच्या शाखेत चार घड्याळं आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं नाही. साहेबांच्या केबिनमधलं पाच मिनिटं पुढे असतं, ते आमच्या येण्यासाठी. शिपायाच्या स्टुलावरचं सात मिनिटं पुढे, ते त्याच्या जाण्यासाठी. गिऱ्हाइकांसमोरचं एका विमा एजंटाने भेट दिलेलं आहे. त्यातल्या लक्ष्मीकडे पाहायचं, काट्यांकडे नाही. चौथं कॉम्प्युटरच्या पोटात. तंटा झाला की चौथ्याचं खरं धरतात, कारण त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही.

पण त्याचं तरी खरं कशावरून? हे मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला विचारलं. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरी घड्याळं शिजवतो. शिजवतो हाच शब्द बरोबर. त्याच्याकडे सेकंदाला एक कोटी वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक आहे, आणि थंडी-उन्हाने त्याचा ताल बिघडू नये म्हणून तो एका चिमुकल्या भट्टीत चोवीस तास उबेला ठेवलेला असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुन्या यंत्राचा काढलेला आणला म्हणे. शिवाय गच्चीवर, आमच्या पापडांशेजारी, त्याची अँटेना. ती उपग्रहांकडून वेळ घेते. ह्या अँटेनावर सोसायटीच्या सभेत पाऊण तास चर्चा झाली. सभा स्वतः चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली होती.

“एवढी अचूक वेळ घेऊन करायचं काय रे?”

“काही नाही, काका. असावी.”

देव्हारा का असावा, ह्याचंही आमच्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. मी गप्प बसलो.

कॉम्प्युटरचं त्याने समजावून सांगितलं. कॉम्प्युटर तारेवरून दुसऱ्या, अधिक जाणत्या कॉम्प्युटरला विचारतो, “किती वाजले?” उत्तर यायला वेळ लागतो, तोवर ते शिळं होतं. म्हणून जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजून त्याचा निम्मा उत्तरात मिळवायचा. ही रीत १९८५ मध्ये डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी घालून दिली. ह्यात जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं धरलेलं आहे. गृहस्थांना चिंचवडहून चाकणला कामावर जावं लागलं नव्हतं, हे उघड आहे.

हे विचारणं असं वरवर जात शेवटी अणुघड्याळापाशी थांबतं. आपल्याकडे ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० कंपनं. कॉमर्सच्या माणसाला भरून यावं असा आकडा! नऊशे कोटींच्या वर गेले, पण शेवटचे सत्तर सोडले नाहीत.

पण माझं मन अडकलं ते त्या भट्टीतल्या स्फटिकापाशी. तो क्षणाक्षणाला अगदी सरळ चालतो. हा सेकंद आणि पुढचा सेकंद सारखा ठेवण्यात त्याच्याइतका इमानी कोणी नाही. पण महिन्या-वर्षांत तो म्हातारा होतो आणि हळूहळू सरकतो. उपग्रहाचं उलट. त्याचा निरोप वीस हजार किलोमीटरवरून धडपडत येतो, म्हणून सेकंदागणिक जरा मागेपुढे. महिन्याचा हिशेब मात्र पक्का. मुलाचं यंत्र जवळच्या वाटेला स्फटिकावर विसंबतं, लांबच्या वाटेला उपग्रहावर, आणि फरक दिसला तरी हिसका देत नाही, हळूच वळवतं.

आता गंमत पाहा, सरकलेल्या स्फटिकाला आपण सरकलो हे कळतच नाही. त्याचा आजचा सेकंद कालच्यासारखाच असतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते, आता निवृत्त झाले. नोकरीला लागले तेव्हा अंगठेबहाद्दर बायांच्या स्लिपा स्वतः भरून देत. मग ‘बसा, देतो भरून’चं ‘थांबा जरा’ झालं, ‘थांबा’चं ‘जेवणाच्या सुट्टीनंतर या’ झालं, आणि शेवटी काचेवर पाटी लागली, ‘स्लिप भरून मिळणार नाही’. कुठल्याही दोन दिवसांत फरक दाखवता आला नसता. निरोप समारंभात ते छातीवर हात ठेवून म्हणाले, तीस वर्षांत मी तसूभर बदललो नाही. माणूस खोटं बोलत नव्हता हो!

तेव्हा बाहेरून लावून घ्यावं म्हणावं, तर बाहेरचं तरी बरोबर कशावरून? १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. ती काही १९५५ पर्यंत पुरती सुटली नाही. मुंबईकर हटवादी म्हणावेत, तर सूर्य त्यांच्या बाजूने होता. आमच्या चिंचवडलाही सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा पस्तीसला. म्हणजे बारा वाजता आपण सगळे एकमताने एक थाप मारतो आणि त्या थापेवर पिंपरीपासून चाकणपर्यंत तिन्ही पाळ्या सुरळीत चालतात.

जगाची वेळ तरी कुठे एका घड्याळाची आहे? देशोदेशीच्या शेकडो अणुघड्याळांची सरासरी पॅरिसजवळच्या एका कचेरीत काढतात, आणि तुमचं इतकं पुढे, तुमचं इतकं मागे, असा कागद पुढच्या महिन्यात काढतात. म्हणजे आत्ता नक्की किती वाजले, हे आत्ता कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या बँकेत ताळमेळ असाच महिनाअखेरनंतर लागतो. पण तिथे, दिल्लीचं घड्याळसुद्धा आपलं किती चुकलं हा कागद निमूटपणे घेतं. आमच्या चौघांना असा कागद कोण देणार?

परवा गच्चीच्या डांबरकामासाठी अँटेना काढली. मी म्हटलं, आता रे?

“होल्डओव्हर, काका. आजवर उपग्रहाने जसं जसं वळवलं ते यंत्राच्या लक्षात असतं. त्या आठवणीवर चालतं.”

माझे वडील पिंपरीला टर्नर होते. संध्याकाळी जेवताना, ताटातून नजर न उचलता, एवढंच विचारायचे, “आज गर्दी होती का रे बँकेत?” त्यात काय विचारलंय ते मला कळायचं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

“किती दिवस चालतं असं आठवणीवर?” मी विचारलं.

“स्फटिक चांगला असला तर पहिल्या दिवसात काही मायक्रोसेकंदांचाच फरक.”

“आणि नऊ वर्षं?”

पोरगं हसायला लागलं. “तोवर अँटेना परत लावणार नाही का, काका?”